वीण घेण्याआधी खुबा तपासा: कोकणात राहून कुठली पद्धत निवडावी

गुहागरजवळच्या एका आंबा बागेत मी दिलेलं लॅब्राडोरचं पिल्लू दहा महिन्यांचं झालं आणि बागवाल्या काकांचा फोन आला. "ताई, बाळ्या सकाळी उठताना मागचे पाय ओढतो. पळताना दोन्ही पाय एकदम टाकतो, सशासारखे. गोचिडांचा ताप असेल काय?" आमच्याकडे कुत्रा लंगडला की पहिला संशय गोचिडांवर जातो. तो वावगाही नसतो, कारण गोचिडांमुळे होणाऱ्या तापांत सांधे दुखतात. रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. मग एक्स-रे काढला. दोन्ही खुबे सैल होते आणि डावा तर जवळजवळ वाटीबाहेर आलेला.

त्याची आई माझ्या घरची, बाप ओळखीतल्यांचा. दोघंही धावण्यात, पोहण्यात, दिसण्यात उत्तम. दोघांपैकी कुणी कधी लंगडलं नव्हतं, म्हणून एक्स-रे काढायचं कुणाच्या मनातही आलं नाही. ती चूक माझी. त्यानंतर माझ्याकडची एकही वीण खुबे तपासल्याशिवाय झालेली नाही. पण तपासायचं म्हटल्यावर पद्धती निरनिराळ्या, त्यांचे निकाल निरनिराळ्या भाषेतले, आणि चिपळूण-रत्नागिरीत बसून यातलं नेमकं काय करावं हे सांगणारं कुणी नाही. म्हणून मी जे शिकले ते क्रमाने लिहिते आहे.

चालण्यावरून का कळत नाही

शाळेच्या पुस्तकात खुब्याला उखळीचा सांधा म्हटलेलं असतं. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत बसतो आणि फिरतो. पिल्लू जन्मतं तेव्हा हा सांधा बहुधा ठीकच असतो. पुढच्या काही महिन्यांत सांध्याभोवतीचं आवरण आणि बंध सैल राहिले, तर अंगावर वजन चढेल तसा गोळा वाटीच्या काठाकडे सरकतो. हाडं कोवळी असतात. काठावर दाब पडून वाटी उथळ होते, गोळा चपटा होतो आणि मग झीज सुरू होते. याला हिप डिस्प्लेशिया म्हणतात. सुरुवात सैलपणातून होते आणि झीज नंतर येते, एवढं लक्षात ठेवा. पद्धत निवडताना सगळा फरक इथेच पडतो.

हा दोष एका जनुकाचा नाही. अनेक जनुकं मिळून तो घडवतात आणि खाणं, वजन, फरशी यांची त्यात भर पडते. त्यामुळे लाळेचा नमुना पाठवून एक्स-रेऐवजी चालेल अशी डीएनए चाचणी यासाठी नाही. आणि तरुण कुत्रा मांड्यांच्या स्नायूंच्या जोरावर बरंच काही झाकून नेतो. माझ्या कुत्रीने नेमकं तेच केलं होतं.

आधी ठरवा, उत्तर कशासाठी हवं आहे

पद्धत निवडण्याआधी हा प्रश्न सोडवा, नाहीतर घाट उतरून-चढून पैसे खर्च करूनही हातात नको तो कागद येतो. तुमच्याकडे एकाच विणीतली तीन पिल्लं आहेत आणि पुढे विणीसाठी एकच ठेवायचं आहे, तर उत्तर चार-पाच महिन्यांत हवं. दोन वर्षांची घरची मादी आहे आणि पुढच्या माजाला नर दाखवायचा आहे, तर तिच्या सांध्याची आजची स्थिती कळली तरी भागतं. बाहेरगावचा नर निवडायचा असेल तर त्याचा निकाल ज्या पद्धतीत आहे, त्याच पद्धतीत आपल्या मादीचाही असलेला बरा. एकाचं माप किलोत आणि दुसऱ्याचं पायलीत असेल तर तुलना कशी करणार?

कायद्याचं वयही धरून चाला. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालच्या कुत्र्यांच्या प्रजनन आणि विक्रीविषयीच्या २०१७ च्या नियमांनुसार ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि मादी विणीसाठी किमान १८ महिन्यांची असावी लागते. म्हणजे तपासणीला वेळ नव्हता ही सबब कुणालाच उरत नाही.

हाताने तपासणी

चार महिन्यांच्या आसपास, पिल्लाला गुंगीचं औषध देऊन डॉक्टर गुडघ्याकडून मांडी वर दाबतात आणि मग पाय हळूहळू बाहेर फाकवतात. खुबा सैल असेल तर सरकलेला गोळा वाटीत परत बसताना 'टक्' असं हाताला जाणवतं. याला ऑर्टोलानी चाचणी म्हणतात. यंत्र लागत नाही, त्यामुळे तालुक्याच्या गावीही होऊ शकते, फक्त सराव असलेला हात हवा. 'टक्' आलं तर सावध व्हा. पण आलं नाही म्हणून खुबा चांगला, असं धरू नका. मोठ्या कुत्र्यात सांध्याचं आवरण जाड झालं किंवा वाटीचा काठ झिजला की बिघडलेला खुबाही गप्प राहतो. मी ही चाचणी पिल्लं चाळण्यापुरती वापरते, तिच्यावर वीण ठरवत नाही.

पाय सरळ ताणून काढलेला एक्स-रे

जगभर सगळ्यात जास्त वापरली जाते ती ही पद्धत. कुत्र्याला उताणं झोपवून मागचे दोन्ही पाय सरळ, एकमेकांना समांतर ताणायचे, गुडघे किंचित आत वळवायचे आणि वरून एक्स-रे घ्यायचा. एक्स-रे सगळीकडे साधारण हाच, पण तो वाचून गुण देण्याच्या रीती तीन. आपल्याकडे लोक त्यांची सरमिसळ करतात, म्हणून वेगवेगळ्या सांगते.

अमेरिकेतली ओएफए ही संस्था १९६६ पासून हे काम करते. तीन रेडिओलॉजिस्ट एकमेकांचं मत न बघता एक्स-रे वाचतात आणि सात श्रेणींपैकी एक ठरते: एक्सलंट, गुड, फेअर, मग बॉर्डरलाइन, आणि त्याखाली माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर. पहिल्या तीन सामान्य धरल्या जातात. पक्की श्रेणी २४ महिने पूर्ण झाल्यावरच मिळते. चार महिन्यांपासून प्राथमिक वाचन करून घेता येतं, पण त्याला पक्क्या श्रेणीचं वजन नाही.

युरोपातली एफसीआयची (कुत्र्यांच्या क्लबांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची) रीत ए ते ई अशा पाच श्रेणींची; ए सगळ्यात चांगली, ई सगळ्यात वाईट. तिच्यात नॉर्बर्ग कोन मोजतात. दोन्ही गोळ्यांचे मध्यबिंदू जोडणारी एक रेघ आणि मध्यबिंदूपासून वाटीच्या पुढच्या काठाला टेकणारी दुसरी, यांच्यातला तो कोन. १०५ अंश किंवा त्याहून जास्त आला तर गोळा वाटीत नीट झाकलेला आहे. वय किमान १२ महिने, अवाढव्य जातींना १८. जर्मन शेफर्डवाल्यांना जर्मनीच्या एसव्ही क्लबची 'नॉर्मल', 'फास्ट नॉर्मल', 'नोख त्सुगेलासन' ही शेरेबाजी ओळखीची असेल. शेवटच्या शेऱ्याचा अर्थ 'अजून चालेल' एवढाच आहे. जाहिरातीत तो मिरवलेला दिसला तर भुलू नका.

ब्रिटनच्या बीव्हीए (तिथल्या पशुवैद्यकांच्या संघटनेच्या) योजनेत प्रत्येक खुब्याचे नऊ मुद्दे बघून ० ते ५३ गुण देतात, दोन्ही मिळून ० ते १०६. इथे गुण जितके कमी तितकं चांगलं. तिथला एकेक आकडा त्या जातीच्या मध्यावर, म्हणजे निम्मी कुत्री ज्याच्या वर आणि निम्मी खाली असतात त्या गुणावर, तोलायचा असतो. लॅब्राडोरचा १२ आणि दुसऱ्या एखाद्या जातीचा १२ यांचा अर्थ एक नाही.

आता या पद्धतीची उणीव. पाय ताणले की सांध्याभोवतीचं आवरण पिळलं जातं, ओलं फडकं पिळल्यावर आखडतं तसं, आणि गोळा वाटीत आत ओढला जातो. म्हणजे जो सैलपणा शोधायचा, तोच या स्थितीत झाकला जातो. झीज झालेली असेल तर स्पष्ट दिसते, पण झीज व्हायची आहे असा तरुण सैल खुबा सुटू शकतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४३९ कुत्र्यांचे खुबे ओएफएच्या रीतीने आणि पेनहिपने, म्हणजे सैलपणा आकड्यात मोजणाऱ्या पुढच्या पद्धतीने, असे दोन्हींनी पाहिले होते. ओएफएने सामान्य ठरवलेल्यांपैकी ८० टक्क्यांचा सैलपणा पेनहिपच्या धोकारेषेच्या वर निघाला. अभ्यास पेनहिपशी संबंधित मंडळींचा होता हे ध्यानात घ्यायला हवं, पण शरीररचनेचं त्यांचं कारण मला पटतं.

पेनहिप

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डॉ. गेल स्मिथ यांनी १९८०च्या दशकात ही पद्धत बसवली. कुत्र्याला पूर्ण शिथिल करून तीन एक्स-रे घेतात. एक नेहमीचा ताणलेला, दुसरा गोळे वाटीत दाबून, तिसरा मांड्यांच्या मध्ये खास उपकरण धरून गोळे हलकेच बाहेर सरकवून. दुसऱ्या आणि तिसऱ्या एक्स-रेवरून गोळा किती सरकला ते मोजतात आणि त्याला गोळ्याच्या त्रिज्येने भागतात. येणारा आकडा म्हणजे डिस्ट्रॅक्शन इंडेक्स. शून्याजवळ असेल तर खुबा घट्ट, एकाजवळ असेल तर फारच सैल. ०.३० किंवा त्याखाली असेल तर पुढे सांधेझीज होण्याचा धोका अगदी कमी.

१६ आठवड्यांच्या पिल्लावरही ती करता येते, हे तिचं बळ. शिवाय उत्तर होय-नाही असं न येता आकड्यात येतं, त्यामुळे दोन सख्ख्या बहिणींत घट्ट कोण ते कळतं. तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. पेनहिपमध्ये काढलेले एक्स-रे पाठवावेच लागतात. बाकी योजनांत वाईट दिसलेला एक्स-रे डॉक्टरांच्या संगणकातच राहतो, चांगले तेवढे पुढे जातात आणि सगळी जात आहे त्याहून निरोगी भासते.

अडचण ठिकाणाची आहे. हे काम प्रशिक्षण घेऊन प्रमाणित झालेले डॉक्टरच करू शकतात. त्यांची गावानुसार यादी पेनहिपच्या संकेतस्थळावर मिळते. निघण्याआधी ती बघून फोन करून खात्री करा. 'आम्ही पण पेनहिपसारखंच करतो' असं उत्तर आलं तर जाऊ नका. 'सारखं' केलेल्या एक्स-रेला इंडेक्स मिळत नाही.

मी निवड कशी करते

घरात एक-दोन माद्या, वर्षा-दोन वर्षांनी एखादी वीण, एवढा पसारा असणाऱ्याला मी ताणलेला एक्स-रे सुचवेन. पिल्लूपणी हाताची चाचणी, २४ महिने झाल्यावर एक्स-रे आणि तो बाहेरच्या वाचकांकडून वाचून घेणं. ओएफए परदेशातूनही डिजिटल एक्स-रे स्वीकारते. २४ महिने थांबल्याने मादीचे एक-दोन माज हुकतात, त्याने काही बिघडत नाही. तुमच्या जातीचा क्लब एफसीआयच्या रीतीने वाचन करून देत असेल तर तेही चांगलं, त्यात उत्तर लवकर मिळतं.

एकाच विणीतून पुढची पिढी निवडायची असेल, किंवा तुमच्या घराण्यात आधी एखादा बाळ्या निघालेला असेल, तर पेनहिपसाठी लांबचा प्रवास करा. माझी सध्याची मादी तिच्या दोन बहिणींसह अशीच तपासली. तिघींत रंगाने, डोक्याने जी मला जास्त आवडली होती तिचा खुबा सगळ्यात सैल निघाला. ती आता एका कुटुंबात सुखात आहे, नसबंदी करून.

कुठलीही निवडा, पण घराण्यातल्या सगळ्यांसाठी तीच ठेवा. आई ओएफएने, लेक पेनहिपने आणि नात गावच्या डॉक्टरांच्या 'नॉर्मल' या एका शब्दाने तपासली, तर तीन पिढ्यांत सुधारणा झाली की घसरण, हे कधीच कळणार नाही. आणि तो एकटा 'नॉर्मल' शब्द विणीसाठी पुरेसा नाही. डॉक्टर कितीही चांगले असोत, आपल्या ओळखीच्या कुत्र्याचा एक्स-रे वाचताना मन थोडं झुकतंच.

जाण्याआधी

रायगडवाल्यांना मुंबई जवळ. परळला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. चिपळूण, गुहागर, दापोलीकडून कुंभार्ली घाट चढून कराड, साताऱ्यामार्गे शिरवळचं पशुवैद्यक महाविद्यालय गाठता येतं. रत्नागिरीवाल्यांना आंबा घाटाने कोल्हापूर, सिंधुदुर्गाला गोवा किंवा बेळगाव. फोन करताना विचारा: एक्स-रे डिजिटल आहे का, मूळ डायकॉम फाइल (यंत्रातून निघालेली पूर्ण दर्जाची फाइल, मोबाइलवर काढलेला फोटो नव्हे) देणार का, खुब्याचे एक्स-रे नेहमी काढता का, भूल देऊन काढता का, आणि चुकीचा आला तर त्याच भुलेत पुन्हा काढाल का. शेवटच्या प्रश्नाला जो आनंदाने हो म्हणतो, त्याच्याकडे जावं. खर्चात भूल, एक्स-रे आणि बाहेरचं वाचन असे तीन भाग असतात, ते वेगवेगळे विचारून घ्या.

पावसाळ्यात जाऊ नका. दरड कोसळून घाट बंद झाला तर भुलेतून उठलेलं कुत्रं गाडीत अडकतं. एप्रिल-मे महिन्यांत गाडीतला उकाडा सोसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मादी माजावर असेल किंवा पिल्लं अंगावर पीत असतील तर थांबा, कारण त्या दिवसांतल्या संप्रेरकांमुळे सांधे जरा सैल होतात आणि निकाल उगाच वाईट येऊ शकतो. माज संपून किंवा पिल्लं तुटून तीन-चार आठवडे जाऊ द्या.

भुलेआधी रक्ताची तपासणी करून घ्या, प्लेटलेट्ससह. कोकणात गोचिडांचा ताप वरून न दिसता अंगात असू शकतो, त्यामुळे हा खर्च मी कधी वाचवत नाही. किती तास उपाशी ठेवायचं ते डॉक्टरांना वयासह विचारा. लहान पिल्लाला मोठ्या कुत्र्याइतकं उपाशी ठेवायचं नसतं. मायक्रोचिप आधीच बसवलेली असावी आणि तिचा क्रमांक एक्स-रेवर छापला जावा, नाहीतर तो कुठल्या कुत्र्याचा याला पुरावा नाही. परतताना कुत्रं स्वतःच्या पायांवर चालू लागल्याशिवाय निघू नका. घाटातल्या वळणांवर अर्धवट गुंगीत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते.

एक्स-रे तिथेच बघा

डॉक्टर पडद्यावर एक्स-रे दाखवतील तेव्हा संकोच न करता चार गोष्टी पाहा. कमरेचं सगळं हाड आणि खाली दोन्ही गुडघे चौकटीत आहेत का. मांडीची हाडं एकमेकांना समांतर आहेत का. गुडघ्याच्या वाट्या हाडाच्या मधोमध दिसतात का. आणि कमरेच्या हाडातली दोन मोठी अंडाकृती भोकं सारख्या आकाराची आहेत का. एक भोक बारीक, एक मोठं दिसलं तर कुत्रं एका कुशीकडे कललेलं होतं; मग एका बाजूचा खुबा आहे त्याहून चांगला आणि दुसरा वाईट दिसतो. कुत्रं अजून भुलेत आहे, पुन्हा काढायला सांगा. माझ्या पहिल्या एक्स-रेच्या वेळी हे मला ठाऊक नव्हतं. तो कललेला होता, वाचकांनी परत पाठवला आणि त्या बिचारीला पुन्हा भूल द्यावी लागली.

निकाल हातात आल्यावर

माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर, किंवा एफसीआयची डी, ई असेल तर वीण नाही, यावर माझ्याकडे चर्चा होत नाही. सी आणि बॉर्डरलाइनलाही मी नकोच म्हणते. पेनहिपमध्ये जातीच्या मध्यापेक्षा घट्ट असलेलाच अर्धा भाग विणीसाठी घ्यावा, असा दंडक आहे. प्रत्येक वेळी ०.३० च्या खालचाच हवा म्हणून अडून बसलात, तर लॅब्राडोरसारख्या जातीत विणीला फार थोडे उरतील आणि जातीतलं जनुकांचं वैविध्य आकुंचन पावेल. जोडीतला एक तरी आधीच्या पिढीपेक्षा घट्ट असावा, एवढा नेम धरला तरी पिढ्यांनी फरक दिसतो.

कुत्र्याइतकंच त्याच्या भावंडांकडे बघा. फेअर श्रेणीची मादी, जिची बहुतेक भावंडं सामान्य निघाली, ती मला एक्सलंट पण भावंडं बिघडलेल्या मादीपेक्षा जास्त भरवशाची वाटते. दोन चांगल्या खुब्यांच्या आईबापांना सैल खुब्याचं पिल्लू होऊ शकतं, फक्त त्याची शक्यता कमी होते. हे पिल्लू घेणाऱ्यालाही आधीच सांगते.

पिल्लं वाढवताना

४८ लॅब्राडोर पिल्लांच्या जोड्या लावून केलेला एक प्रसिद्ध आयुष्यभराचा प्रयोग आहे. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं. कमी खाणाऱ्यांत खुब्याची झीज कमी आणि उशिरा झाली, आणि त्यांचं मध्य आयुष्य ११.२ ऐवजी १३ वर्षं भरलं. आपल्याकडे गुबगुबीत पिल्लाचं कौतुक असतं. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत, हे घेणाऱ्याला मी त्याचा हात धरून दाखवते. हाडं मजबूत होतील म्हणून कॅल्शियमचं टॉनिक पाजणं मोठ्या जातीच्या पिल्लांना अपायकारक आहे. चांगल्या खाद्यात ते पुरेसं असतं.

नॉर्वेतल्या एका अभ्यासात तीन महिन्यांपर्यंत रोज जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या पिल्लांत हा दोष जास्त दिसला, आणि मऊ जमिनीवर मोकळं हुंदडणाऱ्यांत कमी. आपल्या घरांना जांभ्याच्या उंच पायऱ्या आणि आत गुळगुळीत लादी, पावसात ओली. पायरीला फळी आडवी लावा, लादीवर गोणपाट किंवा चटई अंथरा. अंगण, बाग, ओहोटीच्या वेळची वाळू ही उत्तम जागा, फक्त वाळूत मासेमारीचे गळ पडलेले नाहीत ना ते आधी फिरून बघा.

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू नियमानुसार विकता येत नाही. त्यानंतर पिल्लू देताना आईबापांच्या निकालाची प्रत सोबत देते आणि एका वहीत पिल्लाचा चिप क्रमांक, घेणाऱ्याचं गाव आणि वर्षभरानंतरची तारीख लिहून ठेवते. त्या तारखेला मी स्वतः फोन करते. एक्स-रे काढायला तयार असतील तर निम्मा खर्च मी देते, पिल्लू विणीसाठी नसलं तरी. मागच्या विणीतल्या सातांपैकी पाच जणांनी काढला. उरलेल्या दोन ओळी वहीत अजून कोऱ्या आहेत. त्यातला एक मालक दाभोळचा, त्याने दिवाळीनंतर कुंभार्ली चढायचं कबूल केलं आहे.